तुम्ही विचारलंत म्हणून: जळगावात बसून लंडनच्या लिलावातलं खरं-खोटं कसं कळतं?

"भो, तू आठे जळगावमा बशीसन लंडननी वस्तू खरी का खोटी कसं सांगस?" भुसावळच्या मित्रांपासून पुण्याच्या क्लायंटपर्यंत सगळेच हे विचारतात, कोणी अहिराणीत, कोणी मराठीत. माझा धंदा ऑफसेट प्रेसचा आणि वेड जुन्या मोटर रेसिंगचं, त्यामुळे ऑनलाइन लिलावात बोली लावायच्या आधी लोक मला कॅटलॉगमधले फोटो पाठवतात. कोणी आयर्टन सेन्ना या ब्राझीलच्या फॉर्म्युला वन चॅम्पियनचा रेसिंग सूट, कोणी हेल्मेट, कोणी नुसता सही केलेला फोटो. तर एकदाचं नीट लिहूनच टाकतो.

आधी हे समजून घ्या की खोटं बनवणाऱ्याला यात पैसा केवढा दिसतो. अर्जेंटिनाचा जगज्जेता ड्रायव्हर फँजिओ याने १९५४ मध्ये चालवलेली मर्सिडीज डब्ल्यू १९६ ही कार २०१३ मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात साधारण १ कोटी ९६ लाख पाउंडांना गेली. ती कार आहे, तिच्या मागे कागदपत्रांचा ढीग आहे, तिची नक्कल करणं सोपं नाही. पण ड्रायव्हरचे ग्लोव्हज, सूट, सही यांची नक्कल करायला फार काही लागत नाही, आणि खोट्याचा सुळसुळाट आहे तो तिथेच.

माझी पद्धत साधी आहे. वस्तूसोबत जी गोष्ट सांगतात ती मी शेवटी वाचतो. आधी वस्तूमधल्या एकेका भागाची जन्मतारीख काढतो, कारण खोटं बनवणारा रंग जमवतो, लोगो जमवतो, पण कागद, लेबल, शाई हे सगळं त्याच वर्षातलं जमवणं भल्याभल्यांना जमत नाही.

सूटचंच घ्या. शहाद्याकडच्या एका केळीवाल्या पोराने, चांगला हुशार मुलगा, मला लिलावातल्या एका लॉटचे फोटो पाठवले, आयर्टन सेन्ना, मॅक्लारेन टीम, १९८९, रेस वॉर्न, म्हणजे रेसमध्ये प्रत्यक्ष घातलेला. समोरून सूट झकास. मार्लबोरो, होंडा, सगळं जागच्या जागी. मी म्हटलं कॉलरच्या मागचा फोटो मागव. दोन दिवस समोरच्याने टाळलं, मग आला एकदाचा फोटो, आणि कॉलरच्या मागे भरतकामात स्वच्छ लिहिलेलं, एफआयए ८८५६-२०००. हे एफआयएचं, म्हणजे मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेचं, आगरोधक कपड्यांचं स्टँडर्ड आहे आणि त्याच्या नावातच २००० साल आहे, सेन्ना तर इटलीत इमोलाच्या रेसमध्ये १ मे १९९४ लाच वारला. विषय तिथेच संपला. तो सूट कोणीतरी नंतरच्या नोमेक्सच्या, म्हणजे आगरोधक कापडाच्या, सूटवर पॅच शिवून बनवला होता.

हेल्मेटलाही हेच. आत अस्तराखाली हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल फाउंडेशनचं लेबल असलं तर त्यावर एसए८५, एसए९०, एसए९५ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि तो आकडा त्या स्टँडर्डच्या वर्षाचा असतो, म्हणून १९८८ चं म्हणून विकलेल्या हेल्मेटमध्ये एसए९० दिसलं की पुढे बघायची गरजच नाही. उलटं मात्र खरं नाही बरं का, लेबल बरोबर आहे म्हणून हेल्मेट खरं असं होत नाही, जुन्या फुटक्या हेल्मेटमधून लेबल काढून दुसऱ्यात डकवणारे आहेत. आणि सेन्नाच्या हेल्मेटचा तो पिवळा रंग, हिरवा-निळा पट्टा ज्याने रंगवला त्या सिड मोस्काच्याच स्टुडिओतून नंतर रेप्लिकाही बनल्या. नुसतं पेंटिंग अस्सल असून काय फायदा?

टायरचं तर फारच सोपं. फॉर्म्युला वनमध्ये कोरड्या ट्रॅकसाठी खाचांचे टायर १९९८ ते २००८ एवढेच वापरले, तरी खाचांचा टायर सेन्नाच्या नावाने विकायला काढणारे असतात.

तारखा जुळल्या तरी मी खूश होत नाही. मग फोटो मॅचिंग, आणि हे काम मला मनापासून आवडतं. सूटवरचे पॅच शिवणारा माणूस असतो, त्यामुळे एकाच टीमच्या, एकाच ड्रायव्हरच्या दोन सूटांवरही लोगो मिलिमीटरभर इकडेतिकडे बसतो. छातीवरच्या लोगोचं एखादं अक्षर शिवणीच्या बरोब्बर वर येतंय की शिवणीला खेटून थांबतंय, चेनच्या कडेला कुठे पडतंय, हे त्या रेसच्या जुन्या एजन्सी फोटोत मोठं करून बघायचं. एका सीझनला ड्रायव्हरचे बरेच सूट असतात, म्हणून "सेन्नाचा सूट" एवढ्याने भागत नाही, कुठल्या रेसचा ते जुळायला पाहिजे. खांद्यावर सीटबेल्ट जिथे घासतो तिथे कापड झिजलेलं हवं, कंबरेशी बेल्ट येतो तिथे हवं, गुडघे कोरे करकरीत आणि बाकी सूट चहात बुडवल्यासारखा सगळीकडे सारखा पिवळा असेल तर मला शंका येते. झीज जिथे घासतं तिथेच होते ना. कारच्या पार्टला आणखी एक गोष्ट बघतो, १९९० च्या दशकात ब्रिटिश ग्राँप्रीला टीम्स कारवरचं सिगारेटचं नाव झाकायच्या, त्यामुळे त्या काळातलं सिल्व्हरस्टोनचं (ही रेस व्हायची तो ट्रॅक) म्हणून विकायला काढलेलं नोजकोन, म्हणजे कारचं पुढचं नाक, मार्लबोरोच्या पूर्ण नावासकट आलं तर मी आधी त्या रेसचे फोटो काढून बसतो.

आता कागद, म्हणजे माझं घर. जिओ हॅम या फ्रेंच चित्रकाराने १९३० च्या दशकात केलेली मोनाको ग्राँप्रीची पोस्टर्स लिथोग्राफ, म्हणजे शिळाछापाची, आहेत, त्यात शाई सपाट बसते, कडेला क्रेयॉनसारखा खरबरीत दाणा दिसतो. धुळ्याच्या एका डॉक्टरसाहेबांनी फ्रेम करून लावलेलं असंच एक पोस्टर मी दहा पटीच्या भिंगाखाली धरलं, तर लाल गाडीच्या बॉनेटवर चार कलरचे ठिपके, गोल फुलासारखे एकमेकांत गुंतलेले, जसे माझ्या प्रेसवर लग्नपत्रिकेच्या गणपतीत रोज बघतो तसेच, म्हणजे ऑफसेटवर छापलेली नक्कल. डॉक्टरसाहेब बराच वेळ भिंगातून बघत राहिले, मला खूप वाईट वाटलं, पण खोटं बोलणार कसं. त्यानंतर यूव्ही लाइट, बँकेत कॅशियर नोटेवर मारतो तोच. कागदात चमक आणणारं केमिकल साधारण १९५० च्या आसपासपासून यायला लागलं, त्यामुळे १९३४ चा म्हणवणारा कागद निळाशार चमकला की तो नंतरचा. चमकला नाही तर जुना ठरतो का? नाही, जुना कोरा कागद मिळतो. आणि सूटवर हा लाइट मारून काही निष्कर्ष काढू नका, कपडे धुवायच्या पावडरीतही तसलंच केमिकल असतं.

सहीचं थोडक्यात. खरी सही पळती असते, पेन टेकायच्या आधीच हात चालू झालेला असतो म्हणून रेघेची सुरुवात आणि शेवट निमुळता येतो, नक्कल करणारा सावकाश काढतो म्हणून रेघ जाड, सारखी आणि किंचित थरथरती. पेनही बघा, इटलीचा जुना ड्रायव्हर नुव्होलारी १९५३ मध्ये वारला आणि शार्पी मार्कर आलं १९६४ मध्ये. शिवाय टीमच्या प्रमोशन कार्डांवर सही छापूनच यायची, भिंगाखाली ठिपके दिसले की ती छापील.

आणि सर्टिफिकेट! सगळ्यात जास्त लोक यालाच भुलतात. मी छपाईवाला आहे, सोनेरी किनारीचं, होलोग्रामवालं ऑथेंटिसिटी सर्टिफिकेट माझ्या प्रेसवर अर्ध्या दिवसात होईल, त्यामुळे कागद किती भारी आहे ते मला सांगूच नका, त्याखाली सही कोणाची आणि त्याला ती वस्तू मिळाली कुठून ते सांगा. शेत घेताना आपण नुसता सातबारा बघून थांबतो का, जुने फेरफार काढतो, कोणाकडून कोणाकडे कधी गेलं ते बघतो, वस्तूचंही तसंच काढायचं. टीमच्या मेकॅनिकने दिली म्हणतात ना, मग त्याचं नाव, तो त्या वर्षी त्या टीममध्ये होता याचा पुरावा, त्याचं पत्र, मधल्या खरेदीच्या पावत्या. मधलं एखादं नाव गायब असेल तर किंमत त्या हिशोबाने धरा.

कॅटलॉगची भाषा पण नीट वाचा. "रेस वॉर्न" आणि "टीम इश्यू" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, दुसऱ्याचा अर्थ एवढाच की टीमने दिलेला, कोणी घातलाच असं नाही. "टाइप", "स्टाइल", "बेअर्स सिग्नेचर" (यातल्या शेवटच्याचा अर्थ नुसतं 'सही आहे', कोणाची ते नाही) असे शब्द आले की लिलाववाल्याने हात वर केलेत असं समजा. बोली लावायच्या आधी अजून फोटो मागा, आतून, उलट बाजूने, लेबलचे. चांगले लोक लगेच देतात. कारण हॅमर प्राइसवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलाववाल्याचं कमिशन, वर शिपिंग, वर कस्टम, हे सगळं भरून वस्तू घरी आल्यावर भांडत बसण्यात काही अर्थ नसतो.

नवीन सुरुवात करायची असेल तर मी सेन्नाच्या नादी लागूच नका म्हणतो. आपल्याकडच्या, चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवरच्या रेसचे प्रोग्राम, ऐंशीच्या दशकातल्या हिमालयन रॅलीचे पास, स्टिकर, नंबर प्लेट, यांना भाव नाही म्हणून यांची नक्कल करायला कोणी बसत नाही, आणि हे सगळं आपल्या काका-मामांच्या ट्रंकांमध्ये पडून खराब होतंय, खान्देशच्या उन्हात तर कागद बिस्किटासारखा तुटतो. असं काही सापडलं तर पत्र्याच्या खोलीतून आधी बाहेर काढा, लॅमिनेशन अजिबात करू नका, आणि मला फोटो पाठवाल तेव्हा मागच्या बाजूचाही पाठवा, छापखान्याचं नाव बहुतेक वेळा तिथेच असतं.