डबी कुठे लपवू नये

जिओकॅशिंगचा नाद लागला की माणसाची नजर बिघडते. बाक दिसला की बसावंसं वाटत नाही, बाकाखाली हात घालून बघावंसं वाटतं. कठड्याची पोकळ नळी, पायरीचा हलता दगड, पाटीमागची फट, जुन्या झाडाची ढोली, कुठेही गेलं तरी डोक्यात एकच हिशेब: इथे डबी मावेल का? मावते. जवळजवळ सगळीकडे मावते. जागा मिळणं अवघड नसतंच, मिळालेली जागा सोडून देणं अवघड असतं.

खेळ तसा साधा आहे. कुणीतरी एक डबी लपवतं, आत नोंदीचा कागद ठेवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना कळवतं. बाकीचे जीपीएस घेऊन शोधायला निघतात. सापडली की कागदावर नाव लिहायचं आणि डबी होती तिथे, होती तशी परत ठेवायची. लपंडावात लपणाऱ्याला सापडायचं नसतं. इथे मात्र लपवणाऱ्याची मनापासून इच्छा असते की डबी सापडावी, फक्त येणाऱ्याजाणाऱ्याला नव्हे, शोधणाऱ्याला. या एका अटीतच सगळी कसरत आहे.

सुरुवात झाली २००० साली. अमेरिकी सरकार नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जाई. त्या मे महिन्याच्या सुरुवातीला ती चूक काढून टाकली आणि लगेच, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगन राज्यातल्या झाडीत एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. आत पुस्तकं होती, सॉफ्टवेअर होतं, बेचकी होती आणि बीन्सचा एक डबाही होता. आज कुणी अशी बादली खेळाच्या संकेतस्थळावर नोंदवायला गेलं तर ती नामंजूर होईल, आणि दोन कारणांनी होईल. जमीन खणून काही पुरायचं नाही आणि आत खाण्याची वस्तू ठेवायची नाही. वासाचा साबण किंवा मेणबत्तीही नको, कारण प्राण्यांना डबीतलं खाणं आणि डबीतला सुवास यांतला फरक करण्यात रस नसतो. खणण्याचं कारण जरा खोल आहे. एक डबी पुरलेली सापडली की शोधणाऱ्याला पुढच्या प्रत्येक ठिकाणी खणावंसं वाटू लागतं, आणि तिथे बहुधा काहीच पुरलेलं नसतं.

माझ्या मते जागा निवडण्याचं सगळं शास्त्र इथेच आहे. आपण विचार डबीचा करतो: ती भिजेल का, दिसेल का, चोरीला जाईल का. करायला हवा तो शोधणाऱ्याच्या हातापायांचा. उघड्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतं. दाट झाडी असेल किंवा उंच भिंतींवर आपटून उपग्रहांचे संदेश येत असतील तर ते आणखी भरकटतं. त्यात लपवणाऱ्याची चूक वेगळी, शोधणाऱ्याची वेगळी. म्हणजे १० मीटर त्रिज्येचं वर्तुळ धरून चालावं, आणि अशा वर्तुळात ३०० चौरस मीटरहून जास्त जमीन येते. मुठीएवढी डबी ठेवताना आपण त्या सगळ्या जमिनीवर अनोळखी माणसांना बोलावत असतो. प्रत्येक दगड उचलून बघा, प्रत्येक फांदी वाकवून बघा, असंच सांगत असतो.

असा विचार केला की पुष्कळशा लाडक्या जागा आपोआप बाद होतात. चुन्याशिवाय नुसते दगड रचून केलेली भिंत घ्या. डबी एका फटीत असते, पण शोधणारा ती फट सापडेपर्यंत दहा दगड सैल करून जातो. आपण ठेवताना एकही दगड हलवला नव्हता, हे समाधान भिंतीच्या काही कामाचं नाही. ढोलीचंही तसंच. डबीची ढोली आपण तपासलेली असते, शेजारच्या झाडाची तपासलेली नसते, आणि शोधणारा हात आधी तिथेच घालतो. आत मधमाश्या असतील, अंडी असतील, नाहीतर हात घालणाऱ्याला न आवडणारं आणखी काही असेल. गुहेत थंडीभर निजलेली वटवाघळं दर वेळी जाग आल्यावर साठवलेली चरबी खर्चतात. त्यांच्या झोपेत आपण सहीसाठी येणं बरं नव्हे.

हुशार डब्यांबद्दल माझं मत जरा कडक आहे. पोकळ दगड, बनावट बोल्ट इथवर ठीक. खोटं घरटं केलं की माणसं खरी घरटी उचकायला शिकतात. आणि विजेच्या पेटीसारखी दिसणारी डबी ही तर मला सरळ दुष्टपणा वाटते. पहिली पेटी खोटी निघाली की पुढच्या गावी खरी पेटी उघडायला हात धजावतो. लपवणाऱ्याची कल्पकता जगाच्या पाठीवर दुसऱ्याच कुणाच्या तरी बोटांवर बेतते.

हातापायांनंतर प्रश्न येतो बघणाऱ्या डोळ्यांचा. हा खेळ माहीत नसलेल्या माणसाला खेळाडू ‘मगल’ म्हणतात. मगलच्या नजरेतून बघा: एक प्रौढ इसम हातात फोन घेऊन एकाच कुंडीभोवती तिसरी फेरी मारतो, इकडेतिकडे बघतो, झटकन वाकतो, काहीतरी ठेवतो आणि निघून जातो. इंग्लंडमधल्या वेदरबी गावात २०११ साली असंच काहीसं कुणाच्या तरी नजरेस पडलं. दुकानं रिकामी करून घेतली गेली, लष्कराचं बॉम्बनाशक पथक आलं आणि त्यांनी ती प्लास्टिकची डबी स्फोटाने उडवली. आत होतं ते नेहमीचंच. म्हणून शाळा, विमानतळ, लष्करी आवार, रेल्वेमार्ग, मोठे पूल या जागा पहिल्याच यादीत वर्ज्य. मुलांच्या खेळाच्या मैदानाचा कोपरा नियमात बसला तरी मी तो टाळतो. एकट्या माणसाने तिथे अर्धा तास घुटमळावं अशी व्यवस्था मी का करून द्यायची? डबीवर ‘जिओकॅश’ असं ठळक लिहावं. पारदर्शक डबी असेल तर आणखी बरं. लपवायच्या वस्तूवर नाव घालायचं हे विचित्र वाटतं खरं, पण पथक येण्यापेक्षा बरं.

जागेच्या मालकाची परवानगी, दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर, झाडाला खिळा नाही, हे नियम पाठ होऊन जातात. घरापासून लांब, सहलीला गेलो तिथे डबी ठेवून यायचं नाही, हा नियम मात्र पुष्कळांना खुपतो. पण भिजलेला कागद बदलायला कोण जाणार? व्हिडिओ गेम बनवणारे आणि स्वखर्चाने अंतराळात गेलेले रिचर्ड गॅरियट यांनी २००८ साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जिओकॅश ठेवली. तिथे शेजारच्या डबीपासूनचं अंतर मोजायची कटकट नाही, मगलही नाहीत, आणि झाडाझुडपांचं नुकसान तर नाहीच. जागा म्हणून निर्दोष. जाण्यायेण्याचं तेवढं बघावं लागतं.

जमिनीवर राहणाऱ्यांसाठी माझी एक पद्धत आहे. जागा आवडली की डबी न ठेवताच परत यायचं. मग सुट्टीच्या दिवशी, गर्दीच्या वेळी पुन्हा जायचं आणि ती नसलेली डबी शोधायची. अगदी मनापासून, वाकून, पानं बाजूला करून. काय तुडवलं जातंय, कुणाच्या खिडकीसमोर आपण उभे आहोत, पाय कुठे घसरतोय हे तेव्हा कळतं. अंधार पडल्यावरही एक चक्कर मारावी, कारण काही जण कामावरून सुटल्यावरच येतात. कुणीतरी विचारतंच, “काय हरवलंय?” तेव्हा आपल्याला न अडखळता खरं उत्तर देता आलं, तर जागा पास. “काही नाही, काही नाही” म्हणत आपण चालायला लागलो, तर तिथे येणारा प्रत्येक जण तसाच चालायला लागणार.

मग झाकण घट्ट बसतंय ना ते बघायचं, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा आणि पेन न ठेवता पेन्सिल ठेवायची, कारण पेन थंडीत रुसतं. नॅनो, म्हणजे बोटाच्या पेराएवढी डबी असेल तर पेन्सिलही मावत नाही. ती ज्याची त्याने आणावी.