तुम्ही विचारलंत म्हणून : शंका गप्प कशी करता?

लग्नकार्यात, एसटीची वाट पाहताना किंवा गणपतीत चाकरमानी गावी आले की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : “तुम्हाला ओसीडी होता ना? मग त्यावर नेमके काय केलेत? जप, प्राणायाम, की आणखी काही?” विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा घरातलेच कोणी असते. तास उलटला तरी न्हाणीघरातून बाहेर न येणारी सून असते, किंवा पुस्तकातली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसणारा मुलगा असतो. म्हणून जरा सविस्तर उत्तर देते. हा आजार मला आजही आहे. माझा दिवस कसा जायचा हे मात्र आता तो ठरवत नाही.

ओसीडी म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात त्या या आजारात नको असलेला एखादा विचार, शंका किंवा चित्र मनात घुसते, जीव कासावीस होतो आणि तो निवावा म्हणून माणूस काहीतरी करतो : हात धुतो, कडी ओढून पाहतो, मोजतो, दुसऱ्याला विचारतो. केल्यावर क्षणभर हायसे वाटते आणि आजार पोसला जातो तो नेमका या हायसे वाटण्यावर, कारण संकट टळले ते आपण तपासले म्हणूनच, असा धडा मन दर वेळी नव्याने गिरवते. टापटिपीची आवड असणे वेगळे. विचार आणि कृतींच्या या रहाटगाडग्यात रोज तासाहून अधिक वेळ जात असेल, किंवा त्यापायी नोकरी, अभ्यास, संसार अडत असेल, तर तो आजार समजून डॉक्टरांकडे जावे.

आता मूळ प्रश्न. शंका गप्प करण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे, हेच माझे उत्तर. तिला उत्तर न देता तशीच राहू द्यायची आणि हातातले काम पुढे न्यायचे, एवढेच मी मानसोपचारतज्ज्ञांकडून शिकले. या पद्धतीला एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन म्हणतात; भीतीला ठरवून सामोरे जायचे आणि त्यानंतरची नेहमीची कृती करायची नाही. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये या पद्धतीने उपचार केलेल्या रुग्णांची हकिकत 1966 मध्ये प्रसिद्ध केली, आणि आजही या आजारावर सर्वांत भरवशाचा मानसोपचार हाच मानला जातो.

ऐकायला हे सोपे वाटते, म्हणून एक प्रसंग तपशिलाने सांगते. मी खाडीकाठच्या एका गावात टपाल कार्यालयाच्या काउंटरवर नोकरी करीत असे. मनीऑर्डरची रक्कम देण्यापूर्वी नोटा दोनदा मोजाव्यात ही तिथली रीत, आणि तिसऱ्यांदा मोजावे ही माझ्या आजाराची मागणी. दोनदा मोजून मी रक्कम समोरच्या आजींच्या हातात देई आणि पुढच्या माणसाचा फॉर्म ओढून घेई. त्याच वेळी छातीत धडधड सुरू होई, एक नोट जास्त गेली की काय हा विचार सुईसारखा टोचत राही, आणि आजींना हाक मारून परत बोलवावे अशी प्रचंड ऊर्मी येई. तेव्हा मनाची समजूत घालायची नाही, ‘नोटा बरोबरच होत्या’ असेही म्हणायचे नाही. ‘असेल चुकले, नसेलही’ एवढेच म्हणून फॉर्मवरचा पत्ता वाचायचा. आजी पाणंदीच्या वळणाआड जाईपर्यंत ते असह्य वाटे. दुपारच्या डाकेच्या पिशव्या बांधताना आपण त्या नोटांचा विचार करीत नाही आहोत, हे माझ्या लक्षात येई.

सुरुवात मात्र सगळ्यांत मोठ्या भीतीपासून करू नये. समुपदेशकाबरोबर बसून भीतींची उतरंड लिहावी आणि ज्याने अस्वस्थ वाटेल पण निभावेल, अशा पायरीपासून चढावे. दुसरे असे की, योग्य काळजी किती हे भीती चढलेली असताना ठरवू नये. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे दूषित चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका खराच असतो. लावणीला उतरताना गमबूट घालावेत, पायाला जखम असल्यास ती झाकावी, परतल्यावर साबणाने हातपाय धुवावेत, हे शहाणपणच आहे. पण हा नियम मळ्यात जाण्यापूर्वी ठरलेला असावा, आणि एकदा नीट धुऊन झाल्यावर पुन्हा पडवीतल्या बादलीकडे वळणारे पाऊल आजाराचे समजावे. सोवळ्याचेही तसेच. घरच्या रीतीचे सोवळे पूजा आटोपली की सुटते. आजाराचे सोवळे सुटता सुटत नाही.

जप आणि प्राणायाम यांच्याविषयी मी थोडी सावध आहे. श्रद्धेने केलेला जप चांगलाच, पण मणी चुकला की काय या शंकेने माळ पुन्हा पहिल्यापासून ओढली जाऊ लागली, किंवा वाईट विचार ‘पुसण्यासाठी’ नाव घेतले जाऊ लागले, तर तो जपही हात धुण्याच्या पंक्तीला जाऊन बसला असे समजावे. प्राणायामाने शरीराचा एकूण ताण कमी होतो. ऐन भीतीच्या क्षणी तिला पळवून लावण्याचे शस्त्र म्हणून मात्र तो वापरू नये.

देवासमोर बसले असता देवाविषयीच अभद्र विचार येणे, किंवा मांडीवर तान्हे मूल असताना समोरच्या विळीकडे पाहून ‘माझ्या हातून काही झाले तर?’ असे मनात येणे, हे लोक वर्षानुवर्षे कोणालाच सांगत नाहीत. रॅकमन आणि डी सिल्वा या संशोधकांनी 1978 मध्ये दाखवून दिले की आजार नसलेल्या बहुसंख्य लोकांच्या मनातही असेच विचार येऊन जातात. त्यांना ते झटकता येतात. या आजारात माणूस त्यांचा अर्थ लावत बसतो. अशा विचाराने हादरून जाणारी आई मुळात ते करू इच्छितच नसते. तिने विळी माळ्यावर लपवली की भीती वाढते. उपचारात पुढे कधीतरी, तज्ज्ञांच्या सल्ल्याने, बाळ स्वयंपाकघरात असताना तिने नेहमीसारखी भाजी चिरणे हाच अभ्यास असतो.

घरच्यांसाठी एक गोष्ट. “गॅस बंद केला ना?” या प्रश्नाला माझे यजमान पूर्वी मायेने दहादा हो म्हणत, आणि माझी शंका त्यावर पोसली जाई. मग डॉक्टरांसमोर आमचे ठरले की त्यांनी एकदाही उत्तर द्यायचे नाही, रागवायचेही नाही. “हा प्रश्न आजाराचा आहे, चल, एसटी चुकेल” एवढेच म्हणायचे. असा करार आजारी माणसाच्या संमतीने आणि हळूहळू व्हावा. एके दिवशी अचानक सगळी मदत काढून घेतली तर ती शिक्षा वाटते, आणि टोमणे मारून तर हा आजार कोणाचाच बरा झालेला नाही.

औषधांची भीती बाळगू नका. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवॉक्सामिन ही या आजारात नेहमी दिली जाणारी औषधे झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांची चटक लागत नाही. नैराश्यात लागते त्याहून मात्रा येथे पुष्कळदा जास्त असते आणि गुण येण्यास आठ ते बारा आठवडे लागू शकतात. त्यामुळे पंधरा दिवसांत ‘लागू पडत नाही’ म्हणून गोळी सोडणे, किंवा बरे वाटताच परस्पर बंद करणे, दोन्ही नुकसानीचे. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या फाटकातून आत जाताना कोणी पाहील, ही लाज मला चांगली ठाऊक आहे. तेथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी परतता येते. जिल्हा रुग्णालयातही विचारावे. सरकारची टेली मानस सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते आणि मराठीत बोलता येते. समुपदेशनही आता व्हिडिओ कॉलवर होते; आमच्याकडे त्यासाठी रेंज मिळते त्या कलमाच्या झाडाखाली खुर्ची टाकावी लागते, एवढाच त्रास.

झोप, चालणे, वेळेवर जेवण यांनी आजार जात नाही, पण ती बिघडली की तो उसळतो. झडीच्या दिवसांत घरात कोंडून पडल्यावर माझे तपासणे वाढते, हे मला आता ठाऊक आहे. बाळंतपण, परीक्षा, घरातले आजारपण अशा ताणाच्या काळात आजार पुन्हा डोके वर काढू शकतो. त्यासाठी माझ्या डॉक्टरांनी मला भीतींची ती जुनी उतरंड जपून ठेवायला सांगितली आहे. तपासणे वाढल्याचे लक्षात येताच तिच्या खालच्या पायरीवरून पुन्हा सुरुवात करायची आणि त्याच आठवड्यात त्यांना फोन करायचा. मरणाचे विचार येऊ लागले तर मात्र त्याच दिवशी घरच्यांना सांगावे आणि रुग्णालय गाठावे.