आज ९० वा दिवस

सकाळी आयसीटीसीच्या, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्राच्या, बाकावर बसले होते, युनिफॉर्मवर ओढणी गुंडाळून. रोज दुसऱ्यांचं रक्त काढणारी मी, आज माझाच हात पुढे.

तीन महिन्यांपूर्वी नाइटला सुईला परत टोपण लावताना ती अंगठ्यात घुसली. (टोपण परत लावायचं नसतं, हे विद्यार्थिनींना मीच शिकवते. हसा.) पेशंट एचआयव्ही पॉझिटिव्ह. इनचार्ज सिस्टरनी अंगठा नळाखाली धरला, दोन तासांत लागण रोखणारी पहिली गोळी पोटात. ७२ तासांच्या आत सुरू करायची, जितकी लवकर तितकी बरी, मग २८ दिवस रोज. अशा टोचण्यातून लागण होते ती साधारण हजारात तिघांना, हे पाठ होतं. पण रात्री दोनला वाटतं, त्या तिघांतलीच मी.

सहाव्या आठवड्यात निगेटिव्ह आली, तरी जीव भांड्यात पडला नाही. रॅपिड टेस्ट अँटिबॉडी शोधते, आणि त्या तयार व्हायला शरीराला वेळ लागतो. म्हणून आजची. मधे नुसता घसा खवखवला तरी गूगल! शिवाय खासगी लॅबच्या रिपोर्टची तीन पाकिटं कपाटात साड्यांखाली. खुळेपणाच.

समुपदेशक ताईंनी संमतीची सही घेतली. थोड्या वेळाने किटवर एकच रेघ, कंट्रोलची. म्हणजे निगेटिव्ह.

"लॅबचे पैसे तरी वाचवायचेस गं," त्या म्हणाल्या.

ह्यांना फोन केला. पलीकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज. मग म्हणाले, येताना कोथिंबीर आण.