बटाट्यावरची फुलाफुलांची चादर

परवा मी लंडनला होते, परतीची ट्रेन उशिराची, आणि संध्याकाळी साडेसातला आमच्या भाजीच्या प्लॉटवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज पडला की आज रात्री पारा शून्याखाली जाणार, बटाटे झाका. मे महिन्याचा पहिला आठवडा. तिकडे साताऱ्यात तुम्ही गच्चीवर गाद्या टाकून झोपताय आणि इकडे लेस्टरला फ्रॉस्ट. माझे बटाटे नुकतेच वीतभर वर आलेले, आणि ती कोवळी पानं एका रात्रीत काळी पडून लिबलिबीत होतात हे मी एकदा बघितलंय. ट्रेनमधे बसून करणार काय? घरी पोचायला साडेबारा झाले. सकाळी सहाला धावत गेले तर माझ्या दोन्ही सरींवर फुलाफुलांची जुनी चादर, चारी कोपऱ्यांवर विटा.

चादर बांची होती. बा म्हणजे माझ्या उजव्या हाताच्या प्लॉटवाल्या गुजराती आजी, 1972 मधे इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकललं तेव्हा कंपालाहून इथे आलेल्या. आता वय पंच्याहत्तरच्या पुढे. रात्री नऊला, तेवढ्या थंडीत, आधी स्वतःचे वाफे झाकले आणि मग माझे.

अलॉटमेंट हा प्रकार तिकडे फारसा कुणाला माहीत नसतो म्हणून सांगते. इथे कौन्सिल घरगुती भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे वर्षाच्या भाड्याने देतं, 1908 च्या कायद्याने ती त्यांची जबाबदारीच आहे. पूर्ण प्लॉट 10 रॉडचा, म्हणजे साधारण 250 चौरस मीटर, आपल्या हिशोबाने अडीच गुंठे. माझा अर्धा, सव्वा गुंठा. 1939 ला युद्ध सुरू झालं तेव्हा सरकारने 'डिग फॉर व्हिक्टरी' म्हणत लोकांना भाज्या लावायला सांगितलं आणि युद्धाच्या काळात असे प्लॉट 14 लाखांच्या घरात गेले. माझ्या डावीकडच्या प्लॉटवाल्या आजोबांच्या वडिलांनी तेव्हाच पहिल्यांदा हातात कुदळ घेतली होती.

भाड्याच्या कागदावर एकाच माणसाचं नाव असतं. पण मार्च ते मे एकट्याने निभावून दाखवा! मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि तिथून सगळं एकदम अंगावर येतं, पेरणी, खुरपणी, रोपं घरातून बाहेर काढून थंडीची सवय करणं, रात्री टॉर्च घेऊन बिनशंखाच्या गोगलगायी वेचणं (एका रात्रीत कोबीची अख्खी ओळ खातात), त्यात एप्रिलचा कोरडा पूर्वेचा वारा सुटला की पाणी रोज हवं आणि आमच्या साइटवर पाइप लावायला परवानगी नाही, टाकीतून झारी भरायची आणि चालायचं. नोकरी, पोरं सांभाळून हे होत नाही. म्हणून आम्ही तिघांनी वार वाटून घेतलेत, ज्याचा वार त्याने तिन्ही प्लॉट बघायचे.

माझी आजी सांगायची गावी इरजिक व्हायचं, एकाच्या रानात सगळ्यांचे बैल, सगळ्यांचे हात, आणि ज्याचं रान त्याच्या घरी जेवण. मला वाटायचं ते संपलं.

पण दुसऱ्याचं पीक सांभाळणं सोपं नसतं, आणि हे मी फार वाईट पद्धतीने शिकले. गेल्या वर्षी ईस्टरला आजोबा मुलीकडे वेल्सला गेले, ग्रीनहाउसमधे टोमॅटोची चाळीसेक रोपं, स्वतः धरलेल्या बियांची, फेब्रुवारीपासून वाढवलेली. जाताना म्हणाले, सकाळी नऊला दार आणि खिडक्या उघड, काहीही होवो. त्या दिवशी मळभ होतं, गारठा होता, मला वाटलं रोपांना थंडी वाजेल म्हणून बंदच ठेवलं आणि ऑफिसला गेले. अकराला लख्ख ऊन पडलं. संध्याकाळी बघते तर पानं भाजून कागदासारखी झालेली, थर्मामीटरवर दिवसभरातला सगळ्यात जास्त आकडा 43. तिथेच उभं राहून फोन केला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, मागची रांग बघ, तिथे सावली असते. मागच्या रांगेत अकरा रोपं जिवंत होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी काळजीच घेतली होती, पण माझ्या पद्धतीची, त्यांच्या पिकाला हवी होती ती नाही. परत आल्यावर त्यांनी अकरातली दोन रोपं मला दिली, आणि जूनमधे पुन्हा बाहेरगावी जाताना किल्लीही माझ्याच हातात ठेवली. ती किल्ली घेताना मला बोलता येईना.

तेव्हापासून मी विचारून घेते. बा कांद्याला पाणी कमी घालतात, मेथीला रोज शिंपडा. आजोबा मटाराच्या मुळाशीच ओततात, पानांवर थेंब नको. दोघांचं पटत नाही, पण ज्याचा वाफा त्याचा शब्द.

आता पुढच्या आठवड्यात आम्ही भाचीच्या लग्नाला येतोय, तीन आठवडे, तेही नेमके मेच्या मध्यावर. सरींना मातीची भर लावून झालीये, काकडीची रोपं बांच्या खिडकीत ठेवली. राहिली मेथी. किचनमधल्या डब्यातलेच दाणे एप्रिलमधे पेरले होते, इथल्या गार हवेत सुंदर आलीये, पण मी परत येईपर्यंत फुलावर जाईल. बांना काही सांगायला नको, त्यांचा स्वतःचाच वाफा भरलाय. म्हणून काल आजोबांना म्हटलं तुम्ही कापा आणि तुम्हीच खा. ते म्हणाले कशी खायची? मग झारीवर कागद ठेवून लिहून दिलं: पानं खुडायची, जाड देठ टाकायचे, तीन पाण्यांतून धुवायची, तेलात लसूण, मिरची, वरून मूठभर भिजवलेली मूगडाळ. नऊ वाजत आले होते, अजून उजेड होता. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, लसूण किती पाकळ्या.