कमजोर स्टेशन आधी

सकाळी सात वाजता सात मेगाहर्ट्झवर आमचं नेट भरतं. गावोगावचे हौशी रेडिओवाले ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर येतात, आपापला कॉलसाइन, म्हणजे लायसन्सवरचं ओळखचिन्ह, सांगतात आणि नेट कंट्रोल एकेकाला बोलायला बोलावतो. कितीतरी वर्षं हा नेट कंट्रोल म्हणजे नाना. क्लबचे अध्यक्षही तेच होते, पण ते वर्षातून एकदा, सर्वसाधारण सभेत चहाचं बिल कुणी द्यायचं हा प्रश्न निघाला की आम्हाला आठवायचं.

नेट सुरू झालं की दहा-पंधरा जण एकदम बोलतात. अशा वेळी जो मोठ्याने ऐकू येतो त्याचं नाव आपण आधी टिपतो. शंभर वॅटचा सेट, उंच टॉवर, त्यामुळे दणदणीत सिग्नल. असा माणूस ओरडला की दुसरं काही ऐकूच येत नाही. नाना त्याला सरळ थांबवायचे. "सगळे स्टँडबाय. खाली कुणीतरी आहे. खालचं स्टेशन, परत या." मग खरखरीच्या बुडाशी कुठेतरी एक आवाज हलायचा. राजापूरकडचे एक मास्तर होते, घरी जोडलेल्या पाच वॅटच्या सेटवर यायचे. त्यांचा कॉलसाइन, तब्येत, पाऊस-पाणी असं सगळं नानांच्या वहीत नीट उतरेपर्यंत पुण्या-मुंबईचे दांडगे सिग्नल मुकाट बसून असायचे. पंगतीत वाढप्याला आधी टोकाच्या पानाकडे धाडावं, तसा हा प्रकार. एकदा एका मोठ्या टॉवरवाल्याने कुरकुर केली. नाना म्हणाले, "तुम्ही काय, दुपारीसुद्धा ऐकू याल. त्यांचा बँड आत्ता उघडा आहे."

यात निव्वळ चांगुलपणा नव्हता, हिशेब होता. मास्तर आणि आमच्यामध्ये अख्खा सह्याद्री उभा. पण सात मेगाहर्ट्झच्या अँटेनाची तार फार उंच न बांधता पंधरा-वीस फुटांवर ताणली, की लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवर, आपटून तीन-चारशे किलोमीटरच्या टापूत खाली येतात. डोंगर मध्ये येतच नाही. ऊन चढू लागलं की खालचा थर जाड होऊन लहरी शोषायला लागतो आणि पाच वॅटवाल्याचा आवाज सगळ्यात आधी बुडतो. म्हणून तो आधी. नवा मुलगा आला की नाना त्याच्याकडून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तांब्याची तार मोजून घ्यायचे आणि सांगायचे, "कोकणाशी बोलायचंय ना? मग फार वर चढू नकोस."

नाना मूळचे तारखात्यातले. तरुणपणी कडकट्टच्या टकटकीवर तारा उतरवून घेतलेल्या. रेडिओवर आल्यावर तोच डॉट-डॅशचा मोर्स शिट्टीसारखा ऐकू यायला लागला तेव्हा सुरुवातीला चक्क अडखळायला व्हायचं, असं ते सांगत. १४ जुलै २०१३ ला देशातली तारसेवा बंद झाली. लोकांनी आठवण म्हणून शेवटची तार करायला रांगा लावल्या होत्या. नाना कुठे गेले नाहीत. रात्री चाळीस मीटरवर, म्हणजे आमच्या सात मेगाहर्ट्झच्याच बँडवर, बसून चेन्नईच्या कुणाशी तरी मोर्समध्ये पावसाच्या गप्पा मारत होते. मोर्स पाठवणाऱ्याचा हात ओळखू येतो, कॉलसाइन ऐकायची गरज पडत नाही. नानांच्या हाताला डॅश किंचित लांबवायची खोड होती, घाई नसलेल्या माणसाची.

त्यांची खरी दहशत होती ती सिग्नल रिपोर्टची. आमच्या छंदात एक गोड खोटेपणा सर्रास चालतो. समोरच्याचा आवाज नीट कळत नसला तरी 'फाइव्ह नाइन' म्हणून मोकळं व्हायचं. पाच म्हणजे प्रत्येक शब्द स्वच्छ, नऊ म्हणजे सिग्नल भरभक्कम. पुढच्या वाक्याला हेच महाशय तुमचं नाव तिसऱ्यांदा विचारतात. नाना मात्र जे ऐकू येईल तेच सांगायचे. "तुम्ही तीन-चार. माइक तोंडापासून लांब धरा, आवाज फाटतोय." पहिल्यांदा ऐकणाऱ्याला अपमान वाटायचा. मला तर फार वाटला होता. पण त्यांच्याकडून पाच-नऊ मिळालं त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले आणि कशाचे पेढे हे कुणालाही समजावून सांगता आलं नाही.

परीक्षा, लायसन्स, कागदपत्रं हा भाग सगळीकडे असतो तसाच कंटाळवाणा, तो सोडतो. मजा होती ती फॉक्स हंटची. नाना वेताळ टेकडीवर छोटा ट्रान्समीटर लपवून यायचे आणि आम्ही अँटेना घेऊन तो शोधत हिंडायचो. अँटेना घरचीच: पीव्हीसी पाइपावर हार्डवेअरच्या दुकानातल्या स्टीलच्या मेजरिंग टेपचे तुकडे. मागचा साधारण मीटरभर, मधला पंचेचाळीस सेंटिमीटरचे दोन भाग करून, पुढचा थोडा आखूड. टेपचा पिवळा रंग पॉलिश पेपरने पार घासून काढल्याशिवाय तिच्यावर कथील बसत नाही. हे नाना आधी सांगत नसत. पोरं अर्धा तास सोल्डरिंग गन घेऊन झटायची, कथलाचे गोळे घरंगळत खाली पडायचे, मग नाना शर्टाच्या खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढायचे. झुडपात अडकली तर टेप वाकते आणि पुन्हा सरळ होते, म्हणून ती. टेकडीवर फिरायला आलेले आजोबा-आजी आमच्याकडे बघून हमखास विचारायचे, "जमिनीची मोजणी चाललीय का?"

एका वर्षी ट्रान्समीटर काही केल्या सापडेना. सिग्नल तर जोरात, सगळीकडून सारखाच. फार जवळ आलं की असं होतं, दिशाच कळत नाही. मग अँटेना काढून टाकायची, हातातला सेट छातीशी धरायचा आणि स्वतःभोवती फिरायचं. आपलं अंग आड आलं की आवाज पडतो, म्हणजे ट्रान्समीटर पाठीमागे. तशी मी गिरकी घेतली तर पाठीमागे बाकावर काकू, म्हणजे नानांच्या सौ., बसलेल्या, मांडीवर चिवड्याची प्लॅस्टिकची बरणी. ट्रान्समीटर चिवड्याच्या तळाशी. "मी स्टीलच्या डब्यात आणणार होते," काकू म्हणाल्या, "पण हे म्हणाले, स्टीलमधून आवाज बाहेर येत नाही."

नानांना कडक होताना मी पाहिलं ते डिसेंबर २००४ मध्ये. भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी तेव्हा हौशी रेडिओचा संच घेऊन पोर्ट ब्लेअरला गेले होते. अंदमानातून बोलणारं स्टेशन जगभरच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, लोकांच्या दृष्टीने फार दुर्मीळ, त्यामुळे त्यांना गाठायला सगळीकडून झुंबड उडालेली. २६ तारखेला सकाळी भूकंप आणि त्सुनामी आली, फोन बंद पडले आणि छंदासाठी नेलेल्या त्या संचावरून माणसांच्या खुशालीचे निरोप जायला लागले. क्लबमधली तरुण मंडळी नानांकडे धावली. आपण काय करायचं? कोणती फ्रिक्वेन्सी धरायची? नाना म्हणाले, "ऐकायचं. माइक काढून ठेवा." एकाने तरी विचारलंच, निदान आम्ही इथे आहोत एवढं सांगू का? "त्यांना तुझी गरज पडली तर ते विचारतील. तोवर तू तिथे बोललास तर कुणाचा तरी निरोप तुझ्या आवाजाखाली मरेल." त्या पोरांनी त्या दिवशी तासन् तास नुसतं ऐकलं. हात शिवशिवत असताना गप्प बसणं किती अवघड असतं हे रेडिओवाल्याशिवाय कुणाला कळणार नाही. टीव्हीवरच्या चर्चांमधल्या लोकांना तर नाहीच नाही.

नाना श्रावणात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता नेटवर तिघं जण एकदम बोलायला लागले. तिघांनाही वाटलं, आता आपणच चालवायला हवं. कुणाचंच काही कळेना. नंतर तिघांनीही 'तुम्ही आधी' म्हणून थांबून बघितलं, तेही एकाच वेळी.

महिनाभराने काकूंनी बोलावलं. त्यांचे सेट कुणालाही देऊन चालत नाही, लायसन्सवाल्याकडेच जायला हवेत, ती व्यवस्था करायची होती. आम्ही चौघं गेलो आणि लॉगबुकांतच अडकून पडलो. लॉग सगळेच ठेवतात: तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, कॉलसाइन, रिपोर्ट. नानांनी शेवटी शेऱ्याचा एक रकाना आखला होता. 'मास्तर. बॅटरी उतरलेली, तरी आले.' 'नातू झाला.' 'आवाज बसलाय, फोन करून विचारणे.' एका ओळीत फक्त 'खोटं हसला' असं होतं. कॉलसाइन आमच्याच चौघांतल्या एकाचा. तो पान उलटून पुढे गेला, आम्हीही काही विचारलं नाही. काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "गच्चीवरची तार न्या, पण नायलॉनची दोरी राहू दे. पावसाळ्यात कपडे वाळत घालायला तीच कामाला येते."

नेट आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातली एक मुलगी चालवते. आपल्याकडचे कॉलसाइन व्हीयूने सुरू होतात, तिचा व्हीयू थ्रीचा. नानांच्या व्हीयू टूनंतर दोनच अक्षरं होती, म्हणजे जुना जमाना. आधी खालचं स्टेशन घेते. काल मला तीन-चार दिलं आणि वर म्हणाली, "सर, केबलच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय बहुतेक, टेप गुंडाळली होती का?" नव्हती गुंडाळली. रविवारी पाऊस उघडला तर गच्चीवर चढायचंय.