परमिटवाला सैतान

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी नगरचा, ख्रिस्ती. त्यामुळे ऑफिसातले, शेजारचे, परवा तर एक रिक्षावालासुद्धा हेच विचारत होता: तुमचा देव एवढा सर्वशक्तिमान, मग त्या सैतानाला एकदाचा संपवून का टाकत नाही?

म्हणजे राम-रावणासारखं दोघांचं युद्ध जुंपलंय, असं धरूनच चाललेलं. बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकात तसलं काही नाही. तिथे परमेश्वरापुढे दरबार भरतो आणि सैतानही त्यात हजर असतो. कुठून आलास? पृथ्वीवर हिंडून आलो, म्हणतो. फिरतीवरून परतलेला इन्स्पेक्टर जसा. मूळ हिब्रूत तिथे ‘हा-सातान’ आहे. ‘हा’ म्हणजे इंग्रजीतल्या ‘द’सारखं उपपद, आणि ते व्यक्तीच्या नावाला लागत नाही. तेव्हा हे नाव नव्हे, हुद्दा: आरोप ठेवणारा. ईयोब हा देवाला भिऊन वागणारा सज्जन माणूस; त्याला छळायलाही सैतान आधी परवानगी काढतो. पहिल्यांदा अंगाला हात लावायचा नाही, दुसऱ्यांदा जीव घ्यायचा नाही, अशा अटींवर. पुस्तकाचे अध्याय ४२, पण दुसऱ्यानंतर स्वारी गायब. ईयोब राखेत बसून खापरीनं अंग खाजवतोय, मित्र येऊन अक्कल शिकवतायत, पण सैतानाचं नाव कुणी काढत नाही. ईयोबाची तक्रार थेट देवाकडे.

मला खरा धक्का दिला तो इस्राएलच्या दावीद राजाच्या शिरगणतीनं. आजोबांच्या बायबलमध्ये दोन ठिकाणी बोटं घालून मी ती पानं उलटसुलट वाचली होती. ‘दुसरे शमुवेल’ या पुस्तकात, २४व्या अध्यायात, परमेश्वरच कोपून दावीदाला लोक मोजायला लावतो, आणि तेच पुढे पाप ठरतं. ‘पहिले इतिहास’ या पुस्तकात, २१व्यात, गोष्ट तीच, पण लावणारा सैतान. आणि इथे तो ‘हा’ गळलाय. नंतरच्या लेखकाला ते देवाच्या माथी मारवेना, असं आपलं माझं मत. नव्या करारापर्यंत, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागापर्यंत, तो पक्का वैरी झालेला दिसतो. (शिंगं-शेपटी चित्रकारांची.)

कुराणातला सैतान, इब्लीस, तोही बघा. मी आगीचा, हा मातीचा, म्हणून आदमापुढे वाकत नाही. हाकलला जातो, आणि जाता जाता कयामतपर्यंतची मुदत मागून घेतो. देतो कोण? ज्यानं हाकललं तोच.

रिक्षावाल्याला हे सगळं सिग्नलवर सांगून झालं. तो गिअर टाकत म्हणाला, “म्हणजे परमिटवर चालतो म्हणा की!”