पोर्ट किती, यापेक्षा पोर्ट काय सोसतो

पॅनेलमधल्या मल्टिफंक्शन मीटरांचे वाचन गोळा करून ते स्काडाकडे (कारखान्यावर देखरेख ठेवणाऱ्या संगणक प्रणालीकडे) पाठवणारा रिसीव्हर विकत घेताना माहितीपत्रकातील पोर्टांच्या संख्येकडे सर्वांचे लक्ष जाते. मी मात्र आधी शेवटचे पान उघडतो, कारण आयसोलेशन (दोन बाजूंमधील विद्युत विलगता) किती व्होल्टचे आणि सर्ज (व्होल्टेजची क्षणिक उसळी) चाचणी कोणत्या पातळीची, हे तिथे बारीक अक्षरांत दिलेले असते. ते दिलेच नसेल, तर माझ्या दृष्टीने त्या उपकरणाचा विचार तिथेच संपतो.

कारखान्यांत या कामासाठी आजही प्रामुख्याने आरएस-४८५ ही तारांची जोडणी आणि तिच्यावर मॉडबस आरटीयू ही संदेशांची भाषा वापरतात. मॉडबस १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने आपल्या पीएलसींसाठी (यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रकांसाठी) आणला आणि तो अजून ठणठणीत आहे. आरएस-४८५ मध्ये दोन तारांमधील फरक वाचला जातो आणि अवघा २०० मिलिव्होल्टचा फरकही पुरतो, म्हणून कमी वेगात १२०० मीटरपर्यंत केबल ओढता येते. परंतु या दोन्ही तारा रिसीव्हरच्या कॉमनच्या (संदर्भ टोकाच्या) तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या आतच राहिल्या पाहिजेत, ही अट साइटवर सहसा कोणाच्या ध्यानात नसते.

समजा, एका शेडमध्ये अर्थ फॉल्ट झाला, १००० अँपिअरचा प्रवाह अर्थिंगमधून गेला आणि त्या वाटेत दोन पॅनेलांच्या अर्थदरम्यान ०.१ ओहम एवढाच रोध आहे. तरीही तेवढ्या वेळापुरता दोन टोकांत १०० व्होल्टचा फरक पडतो. ब्रेकर आपले काम चोख करतो, मोटर वाचते आणि पोर्ट मात्र उडतो. यावर टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेज छाटणारा घटक) पुरेसा आहे असे सांगितले जाते, ते मला पटत नाही. टीव्हीएस हा काही मायक्रोसेकंदांच्या सर्जसाठी असतो. फॉल्ट तुटेपर्यंतचे व्होल्टेज, किंवा वायरमनने शेजारच्या टर्मिनलवरून चुकून ए-बी वर (आरएस-४८५ च्या दोन तारांवर) जोडलेले २४ व्होल्ट डीसी, तो फार वेळ पेलू शकत नाही आणि जळतो. त्याच्या आधी सिरीजमध्ये पीटीसी (तापला की रोध वाढवणारा घटक) असेल तर प्रवाह आवरला जातो. ±६० व्होल्टपर्यंतची चूक सोसणाऱ्या फॉल्ट-प्रोटेक्टेड चिपाही मिळतात, आणि २४ व्होल्टच्या चुकीसाठी तेवढे बस्स आहे. दोन अर्थांमधील फरकावर खरा उपाय एकच, तो म्हणजे पोर्टाची सिग्नल बाजू आणि तिचा पुरवठा दोन्ही आयसोलेटेड असणे. काही स्वस्त उपकरणांत फक्त सिग्नलला ऑप्टोकपलर (प्रकाशाद्वारे सिग्नल पलीकडे नेणारा घटक) लावून पुरवठा सामाईक ठेवलेला असतो. त्याला आयसोलेशन म्हणणे ही शुद्ध धूळफेक आहे.

आयसोलेटेड पोर्ट असला तरी तिसरी कॉमन तार ओढावीच लागते, नाहीतर ती बाजू तरंगत राहते आणि वाचन अधूनमधून, कारण न कळता, तुटत राहते. १२० ओहमचे टर्मिनेशन (दोन तारांमधला शेवटचा रोध) केबलच्या फक्त दोन टोकांना लावायचे, प्रत्येक मीटरवर नव्हे.

पोर्ट शाबूत असूनही केबल तुटू शकते, आणि मग रिसीव्हर काय दाखवतो हे मी चाचणीच्या वेळी कनेक्टर ओढून पाहतो. मॉडबसमध्ये गप्प झालेला मीटर काहीच कळवत नाही, त्यामुळे ठरावीक वेळ उत्तर आले नाही तर ते वाचन अवैध ठरवणे हे रिसीव्हरचेच काम आहे. जुना आकडा तसाच राहिला, तर भार स्थिर असल्याचा भास होतो. शून्य दाखवले, तर ते त्याहून वाईट, कारण शून्य अँपिअर पाहून फीडर बंद आहे असे समजून एखादा माणूस पॅनेलमध्ये हात घालू शकतो. म्हणून स्क्रीनवर आकड्याऐवजी संपर्क तुटल्याची स्पष्ट खूण हवी. अलार्मचा रिले सर्व ठीक असताना खेचलेला असावा आणि हूटर वेगळ्या पुरवठ्यावरून त्याच्या एनसी संपर्कावर (रिले सुटला की जुळणाऱ्या) घ्यावा, म्हणजे रिसीव्हरचा स्वतःचा पुरवठा गेला तरी हूटर वाजतो.